एक्स्चेंजच्या मावशी

फोन उचलल्यावर एक्स्चेंजच्या मावशी 'हॅलो' म्हणत नसत. उचलायच्या आणि गप्प राहायच्या. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून थकला, की मग सावकाश बोलायच्या. मी त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा आमची ओळखसुद्धा नव्हती. मी दोनदा 'हॅलो' म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणणार तोच पलीकडून आवाज आला, "रेल्वेलाइनच्या जवळ राहता तुम्ही. खिडकी उघडी आहे. आणि कुकर उतरवा आधी, शिट्टी व्हायला आलीय." त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच आतून कुकरनं शिट्टी दिली. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. कुकर उतरवायचंही सुचलं नाही.

मावशी रोह्याच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, असे ते दिवस. आखातात गेलेल्या मुलांशी बोलायला आया तिथं ताटकळत बसायच्या. त्या लाइनवर आवाज जरा मागून, उशिरानं यायचा. इकडची आई आणि तिकडचा मुलगा एकदम बोलायला लागायचे, एकदम थांबायचे आणि पुन्हा एकदम सुरू व्हायचे. मावशी मधे बसून ते ऐकत. "तेव्हापासून मला ती फट ऐकू येते," त्या म्हणायच्या. "बोलणं सगळेच ऐकतात. मी मधली फट ऐकायचे." लाइन मेलेली असली की ती एका तऱ्हेनं गप्प असते आणि पलीकडे कोणी न बोलता बसलेलं असलं की दुसऱ्या तऱ्हेनं, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. दोन्हीतला फरक त्यांना विचारला तर म्हणायच्या, "दुसरीत थोडी ऊब असते."

निवृत्तीनंतर त्यांच्या भाच्यानं, दिनेशनं, त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. दिनेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता. कुठलंसं ऑफिस बंद झालं, तिथला हा डबा त्यानं उचलला होता. विकतची सिस्टीम त्यावर चालेना म्हणून त्यानं फुकटची लिनक्स घालून दिली आणि आपल्या शिफ्टला निघून गेला. मावशींना वाटलं होतं, चार दिवस भजनं ऐकू आणि ठेवून देऊ. पण त्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात प्रश्न टाइप केला की मशीन आपल्या पोटातलं सगळं ओळीओळीनं सांगतं, हे कळल्यावर त्या तिथून उठल्याच नाहीत. "बाकीची मशीनं 'काहीतरी चुकलं' म्हणतात आणि तोंड फिरवतात," त्या सांगायच्या. "हे निदान कोणाचं चुकलं ते तरी सांगतं." जगभरातल्या अनोळखी माणसांना त्या मोडक्या इंग्रजीत आवाजाच्या अडचणी विचारायच्या. पुढे पुढे तीच माणसं त्यांना विचारू लागली. सगळे त्यांना 'सर' लिहायचे. मावशींनी कधी दुरुस्त केलं नाही.

मी पेणला शाळेत मराठी शिकवते. अंध मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. घरी जुना लॅपटॉप होता, त्यावर लिनक्सच होती, आणि एक यूएसबीचा माइक मी नवीन घेतला होता. हेडफोन लावून वाचायला बसले, तर माझाच आवाज माझ्या कानात किंचित मागून येऊ लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वाक्याला जीभ अडकली. लहानपणी मी अडखळत बोलायचे. वडिलांनी रोज मोठ्यानं वाचायला लावून ते घालवलं होतं. ते इतक्या वर्षांनी, स्वतःच्याच खोलीत, पुन्हा माझ्या तोंडात येऊन बसलं. हेडफोन काढून वाचलं तर अडखळणं थांबे, पण रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून 'टक' असा आवाज येई, कोणी नखानं काचेवर मारावं तसा. शाळेतही फळ्यासमोर वाचायची वेळ आली की मी मुलांनाच वाचायला लावू लागले. तेव्हा एका सहशिक्षिकेनं मावशींचा नंबर दिला.

लॅपटॉप पिशवीत घालून मी रोह्याची गाडी पकडली. कासू स्टेशन गेल्यावर डब्यात माझ्याशिवाय फारसं कोणी उरलं नाही, आणि मी आपली मनातल्या मनात वाक्यं म्हणून बघत होते. मावशींचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. बाई अगदी लहानखुऱ्या, सुती साडी, आणि पांढऱ्या केसांवर बसलेला तो मोठा थोरला हेडफोन. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिनीडोअर रिक्षानं कधी जाता की नाही? ती भरल्याशिवाय सुटते का? तुमचं मशीनपण आवाजाचे तुकडे भरून घेतं आणि मग सोडतं. जास्त भरायला गेलं की उशीर. थोडेच घेऊन निघालं की फेऱ्या वाढतात, ड्रायव्हर दमतो, एखादी फेरी चुकते. ती चुकलेली फेरी म्हणजे तुमची 'टक'."

मग त्यांनी माझा माइक चार वायरी एकत्र घेणाऱ्या हबमधून काढून सरळ लॅपटॉपला लावला. मशीन वीज वाचवायला माइकला मधेच झोपवत होतं, ते बंद केलं. रांगेत आवाजाला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि भरायचे तुकडे कमी कमी करत नेले. "वाचा," म्हणाल्या. मी वाचलं. आवाज आता ओठांबरोबर येत होता. एक पान झालं, दुसरं झालं. मावशी पडद्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. "तुमची जीभ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या पाठीमागून कोणी बोलतंय असं वाटलं की भल्याभल्यांची जीभ थांबते." येताना मी गाडीत खिडकीबाहेर पाहत मोठ्यानं पाट्या वाचत आले.

त्यानंतर येणं-जाणं वाढलं आणि मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. कोणाच्याही घरी मशीन दुरुस्त करायला गेल्या की मावशी आधी रिकामी खोली रेकॉर्ड करायच्या. सगळ्यांना गप्प बसवायचं, पंखा बंद करायचा आणि नुसता माइक चालू ठेवायचा. मग डोळे मिटून ते ऐकायचं. घरमालक चुळबूळ करू लागे. आपल्या घराच्या गप्पपणात ही बाई इतकं काय ऐकतेय, असं कोणालाही वाटणारच.

एकदा माझ्या रेकॉर्डिंगखाली दुसरं कोणी तरी वाचतंय असं मला ऐकू येऊ लागलं. फार खाली, विहिरीतून यावं तसं. मी घाबरून फोन केला. मावशी भर दुपारी पेणला आल्या. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो, त्यांनी खोली रेकॉर्ड केली, ऐकली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. एक बाई वाचत होती. शब्द कळत नव्हते, पण ती कुठं थांबतेय ते कळत होतं. मी हेडफोन उतरवायला हात नेला. "घाबरू नको," मावशी म्हणाल्या, "ओळख कोण ते." मला ओळखता येईना. शेवटी त्यांनीच पडद्याच्या तळाशी दडलेली एक खिडकी वर काढली. आदल्या दिवशीचा माझाच धडा तिथं अगदी बारीक आवाजात पुन्हा पुन्हा वाजत होता, आणि मशीन माइकबरोबर आपला स्वतःचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये मिसळत होतं. मावशींनी ते दोन्ही बंद केलं. "बहुतेक वेळा आपणच असतो गो," त्या म्हणाल्या.

"बहुतेक वेळा?" मी विचारलं.

त्या वायर गुंडाळत राहिल्या. चहा मात्र दोन कप घेतला.

मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. मी माझं नाव सांगितलं, 'बोला मावशी' म्हटलं, तरी पलीकडे नेहमीपेक्षा खूप वेळ शांतता. फोन ठेवणार तेवढ्यात त्या बोलल्या. "माझ्या मशीनमध्ये उशीर शिरलाय. निघत नाय." आवाजात कधी नव्हे तो थकवा होता. मी रविवारी गेले. दार ताराबाईंनी उघडलं. कोलाडच्या अलीकडच्या आदिवासी वाडीवरच्या ताराबाई बऱ्याच वर्षांपासून मावशींच्या घरी कामाला होत्या. त्यांनी डोळ्यांनीच आत खूण केली. टेबलावर वायरींचा ढीग पडलेला. मावशींनी केबल बदलली होती, हब काढला होता, कोणाचं तरी दुसरं साऊंडकार्ड आणून लावलं होतं, सिस्टीमचा गाभासुद्धा बदलून पाहिला होता. "टेबलावर टिचकी मारते," त्या म्हणाल्या, "ती हेडफोनात मागून येते. सगळं आवळलं तरी मागूनच येते."

मी हेडफोन लावला आणि टिचकी मारली. बोट टेबलाला लागलं आणि त्याच क्षणी आवाज आला. "मला तर बरोबर येतंय," मी म्हटलं. मावशी माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या. काहीच बोलल्या नाहीत. मग सावकाश मान हलवली. तेव्हा मला वाटलं, त्या विचार करतायत. त्या वाट पाहत होत्या.

त्यांनी एक आखूड वायर घेतली, मशीनचा आवाज बाहेर पडतो तिथं तिचं एक टोक लावलं आणि आवाज आत जातो तिथं दुसरं. मग मशीनलाच एक टिचकी वाजवायला लावली. बाहेर गेलेली टिचकी आत यायला किती वेळ लागला, तो आकडा पडद्यावर उमटला. नगण्य होता. मावशींनी तो पुन्हा पुन्हा काढून पाहिला. दरवेळी तेच. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता तू टाळी वाजव. मला दिसेल अशी. ऐकू आली की मी बोट वर करीन."

मी टाळी वाजवली. हात खाली मांडीवर आले. मावशींचं बोट अजून खालीच. मग ते वर झालं.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. इतक्यात स्वयंपाकघरात ताराबाईंच्या हातून ताट पडलं. मी जोरात दचकले, आणि माझं मलाच हसू आलं. मावशी शांत बसल्या होत्या. मी सावरून त्यांच्याशी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांचं सगळं अंग एकदम दचकलं.

मावशींनी ती आखूड वायर नीट गुंडाळून डबीत ठेवली. "केबल नाय. कार्ड नाय. मशीन नाय," त्या म्हणाल्या. "मग राहिलं कोण?"

दिनेश आणि मी त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मेंदूचा फोटो काढला. एक बारीकशी गुठळी होती. कान चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले, पण आवाज आत पोचून समजायला वेळ लागतोय. "असं मी स्वतः कधी पाहिलेलं नाही, गोळ्या देतो, कदाचित सुधारेल," ते म्हणाले. मावशी त्यांच्या ओठांकडे बघत बसल्या होत्या. डॉक्टर लिहून उठले, पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "भरायचे तुकडे वाढलेत म्हणा ना." डॉक्टरांना काही कळलं नाही. रोह्याला परतताना रिक्षात मावशी एकट्याच हसल्या. कोणत्या गोष्टीला हसल्या, ते मला विचारता आलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मला नागोठण्याच्या पुढे मिळालं असतं.

सुधारलं नाही. उलट ती फट वाढत गेली. डोळे शाबूत होते, त्यामुळे काळ्या खिडकीत टाइप केलेलं त्या लगेच वाचायच्या आणि लगेच उत्तर द्यायच्या. लोकांची मशीनंसुद्धा त्या ओळी वाचून दुरुस्त करत राहिल्या. पण माझ्याशी बोलताना त्यांना टाइप केलेलं नको असायचं. "बोल तू," म्हणायच्या. "मी घेते नंतर." मग मी बोलायचे, त्या वाट पाहायच्या आणि माझं पुढचं काही चाललेलं असताना त्या आधीच्याला हसायच्या. कारखान्यांचा दुपारचा भोंगा झाला, जेवणं झाली, ताराबाईंची भांडी घासून झाली, की मग मावशी आतून हाक मारायच्या, "भोंगा झाला, पानं घे." ताराबाई मला अंगणात गाठून म्हणाल्या, "ताई, मना भ्या वाटतं. सकाली मी पोरीवर वरडले. दुपारी मावशी बोलतात, पोरीवर का वरडतेस गो? पोर तर कवाच घरी गेली."

मी मावशींना त्याविषयी विचारलं आणि गप्प बसून राहिले. अंगणातलं ऊन सरकून भिंतीवर चढलं. मग त्या म्हणाल्या, "भ्यायचं काय त्यात. आवाज हरवत नाय. रांगेत उभा असतो." थोड्या वेळानं, मी काही न विचारता, त्या पुन्हा बोलल्या. "मला एकाच गोष्टीची भीती वाटते. तू काहीतरी विचारशील आणि ते माझ्यापर्यंत यायच्या आधी मी गेलेली असेन. मग ते कुठं जाईल? आम्ही कधी कोणाला लाइनवर तसंच लटकत ठेवलं नाय गो." एरवी कशाला न घाबरणारी ही बाई तेव्हा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. मी त्यांचा हात धरून बसले. हाताला उशीर नव्हता. मी दाबला की त्या तेव्हाच दाबायच्या.

शेवटी शेवटी त्या डोळे मिटूनच असायच्या. एका सकाळी मी गेले तर मला पाहिल्याची काही खूणच नाही. मी कानाशी वाकून विचारलं, "मावशी, मी आलेय. ओळखलंत का मला?" चेहरा तसाच. हात दाबला, तोही आता सैल होता. मी दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठले आणि पेणला आले. मला वाटलं, संपलं. दिवेलागणीला ताराबाईंचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या. "ताई, तुमी कुठं हाव?"

"घरी. पेणला. का गं?"

"मावशी बोलल्या आता. डोलं उघडून तुमच्या खुर्चीकडं बगून बोलल्या. 'ओळखलं गो. पेणवाली तू. वाच आता, अडखळत नाय तू.' खुर्चीत तर कोन नाय. मी दिवा लावला हाय नि दारात बसलेय. आत नाय जानार."

मी फोन ठेवला. मला रडू आलं ते भीतीचं होतं की आनंदाचं, ते अजून मला सांगता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशी गेल्या. सकाळी ताराबाई तोंड धुवायला पाणी घेऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मी पोचले तेव्हा मावशींना अंघोळ घालून ओटीवर निजवलं होतं. गल्लीत माणसं जमली होती. दिनेश शिफ्टवरून तसाच आला होता, त्याच्या केसांत कंपनीची धूळ होती. मी जवळ बसले आणि वाकून त्यांच्या कानाशी बोलायला लागले. आधी काय बोलले ते आठवत नाही. मग धडे कुठवर आले ते सांगितलं. नदीला पाणी किती आहे ते सांगितलं. दिनेश आलाय, ताराबाई इथंच आहेत, टेबलावरचं मशीन मी नीट बंद करीन, असं सगळं सांगितलं. उत्तर लागेल असं काहीही विचारलं नाही. बोलून झाल्यावर मी तशीच वाकून बसून राहिले.

बाहेर कुजबुज सुरू झाली. उशीर होतोय, असं कोणी तरी म्हणालं. दिनेश माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ताई, आता न्यायला हवं."

"थोडं थांब," मी म्हटलं. "अजून पोचलं नसेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन लोकांना पायरीवर बसायला सांगितलं. कोणी तरी पाणी फिरवलं. ओटीवरचं ऊन मावशींच्या पायांवरून सरकत गेलं. मी काही बोलत नव्हते, नुसती बसले होते, आणि दारात ताराबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या एकटक मावशींच्या तोंडाकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि पुढे झाल्या.

"आता न्या," त्या म्हणाल्या. "ऐकलं त्यांनी."

त्यांना कसं कळलं, ते मी अजून विचारलेलं नाही.